मोडीतल्या चमच्याची नवी घडण

जेथे शंभर-दीडशे माणसांचा स्वयंपाक रोज होतो, अशा प्रत्येक भोजनगृहाच्या कोठीत एक डबा हमखास आढळतो. त्यात दांडी वाकलेले चमचे, दात पसरलेले काटे, मान मोडलेले डाव, धार गेलेल्या सुऱ्या आणि झिजलेली उलथणी साठत जातात. वर्षा-दोन वर्षांनी डबा भरला, की तो मोडीत जातो. दुकानदार वजन करतो, किलोचा भाव सांगतो आणि व्यवहार संपतो. ‘मोडीत काढणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत केवळ भांड्यांपुरता राहिलेला नाही. निरुपयोगी ठरविण्याचा तो एक निवाडाच झाला आहे. हा निवाडा वजनावर दिला जातो आणि वस्तूच्या आकाराची किंमत त्यात शून्य धरली जाते, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा आकार आहे. जुन्या चमच्या-काट्यांपासून अलंकार, लहान अवजारे आणि घरगुती उपयोगाच्या वस्तू कशा घडविता येतात, कोणता धातू कशासाठी चालतो, कोणता चालत नाही आणि त्यामागील कारण काय, याचे विवेचन येथे केले आहे. शेवटी, जुनी वस्तू वापरण्याला आपल्या समाजात जो एक दुखरा इतिहास आहे, त्याचाही विचार केला आहे. कारण तो टाळून या विषयावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

चमच्यात साठलेले श्रम

चमचा हा पत्र्याचा साधा तुकडा नव्हे. कारखान्यात प्रथम पत्र्याच्या गुंडाळीतून चमच्याचा ढोबळ तुकडा कापला जातो. मग तो रुळांमधून दाबून कोठे जाड, कोठे पातळ केला जातो. जेथे दांडी खोलगट भागाला मिळते ती मान सर्वाधिक ताण सोसते. म्हणून चांगल्या चमच्यात तेथे धातू अधिक ठेवलेला असतो. त्यानंतर कडा कापणे, काट्याचे दात पाडणे, भारी दाबयंत्राखाली खोलगटपणा देणे, नक्षी उठविणे आणि अखेरीस चकाकी आणणे अशा पायऱ्या येतात. चमचा वितळविला, की धातू शिल्लक राहतो, पण हे सगळे काम नाहीसे होते. शिवाय स्टेनलेस स्टील वितळविण्यास सुमारे १४०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते; त्यासाठी लागणारे इंधन वेगळेच. पुनर्घडणीत मात्र धातूबरोबर त्याची वक्रता, नक्षी, जाडी आणि चकाकी हे सारे आयते हाती येते. वाकलेल्या दांडीची अंगठी होते, ती या आयत्या घडणीमुळेच.

धातूची पारख

काम सुरू करण्यापूर्वी हातातील चमचा कशाचा आहे हे ओळखले पाहिजे. आपल्याकडील बहुतेक चमचे स्टेनलेस स्टीलचे असतात. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद तयार केले आणि न गंजणाऱ्या सुऱ्यांचा मार्ग मोकळा झाला. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ, अदृश्य थर बसतो आणि तो गंज अडवितो. ओरखडा पडला तरी हा थर पुन्हा आपोआप धरतो. म्हणून कापलेल्या, घासलेल्या चमच्याची नवी कडही गंजत नाही. पुनर्घडणीच्या दृष्टीने हा फार मोठा गुण आहे.

चमच्याच्या पाठीवर कधी कधी ‘१८/८’ किंवा ‘१८/०’ असे आकडे असतात. पहिला आकडा क्रोमियमचे व दुसरा निकेलचे शेकडा प्रमाण सांगतो. निकेल नसलेल्या १८/० स्टीलला लोहचुंबक घट्ट चिकटतो. १८/८ ला तो चिकटत नाही किंवा मान व कडा अशा दाबून घडविलेल्या ठिकाणी किंचित ओढला जातो. स्वस्त भांड्यांत निकेलऐवजी बऱ्याच अंशी मँगनीज वापरलेले स्टीलही असते आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे चुंबकाची परीक्षा उपयुक्त आहे, पण ती एकटी पुरेशी नाही.

जुन्या घरांत ‘जर्मन सिल्व्हर’चे चमचे सापडतात. नावात चांदी असली तरी या धातूत चांदी मुळीच नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण आहे. त्यावर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याच्या कृतीचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतले. अशा मुलाम्याच्या वस्तूंवर ‘ईपीएनएस’ ही अक्षरे उठविलेली असतात. मुलामा झिजला, की उंचवट्यांवर आतला पिवळसर धातू दिसू लागतो. खऱ्या चांदीच्या ‘स्टर्लिंग’ चमच्यात ९२.५ टक्के चांदी असते आणि त्यावर ‘९२५’ असा ठसा आढळू शकतो. असा चमचा सापडल्यास तो कापण्याची घाई करू नये. आधी जाणत्या सराफाला दाखवावा.

पितळेचे डाव व पळ्या रंगावरून ओळखू येतात. ॲल्युमिनियमचा चमचा हातात घेताच त्याच्या हलकेपणावरून समजतो.

वाकविण्याचे शास्त्र

धातू वाकविला, की त्याच्या सूक्ष्म स्फटिकांची मांडणी विस्कटते आणि तो भाग पूर्वीपेक्षा कठीण होतो. तीच जागा पुन्हा वाकवू गेल्यास अधिक जोर लागतो आणि चार-सहा वेळा मागेपुढे केल्यावर धातू तुटतो. साध्या तारेवर हा प्रयोग कोणालाही करून पाहता येईल. स्टेनलेस स्टीलमध्ये हा कठीणपणा फार लवकर येतो. म्हणून त्याच्या बाबतीत एकच नियम सांगता येईल : आधी मोजावे, मग एकदाच वाकवावे.

पितळ, तांबे व चांदी हे धातू मंद लाल होईपर्यंत तापविले, की पुन्हा मऊ होतात. मग ते पाण्यात बुडविले तरी मऊच राहतात. लोहाराकडे लाल पोलाद पाण्यात बुडविल्यावर कडक होते, त्याच्या हे अगदी उलट आहे. स्टेनलेस चमचा मऊ करावयाचा तर १००० अंशांहून अधिक उष्णता द्यावी लागते; ते घरी किंवा शाळेत शक्य नाही. तो थंडच वाकवावा. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळते आणि तोपर्यंत ते लालही दिसत नाही. त्यामुळे तापविताना ते अचानक ओघळते. नवशिक्याने त्याला विस्तव दाखवूच नये.

धातूला मागे उसळी घेण्याची सवय असते. अंगठी ज्या मापाची हवी, तेवढ्याच जाडीच्या गजावर वाकविली तर ती सुटताच सैल होते. म्हणून गज मापापेक्षा किंचित बारीक घ्यावा.

अंगठी आणि इतर अलंकार

नक्षीदार दांडीची अंगठी हा या कामाचा सर्वांत परिचित नमुना होय. साहित्य फार लागत नाही : बाकाला बसविलेला वाइस, बारीक दात्यांची लोखंड-करवत, कानस, पॉलिश पेपर, पोलादी गज आणि लाकडी किंवा नायलॉनची हातोडी. लोखंडी हातोडीने नक्षी चेपते, म्हणून ती टाळावी.

लांबी किती घ्यावी, याचे उत्तर गणित देते. पट्टी वाकली, की तिची आतली बाजू आखडते, बाहेरची ताणली जाते आणि मधली रेषा तेवढी मूळ लांबीची राहते. म्हणून अंगठीच्या पोटाचा नव्हे, तर या मधल्या रेषेचा घेर मोजावा लागतो. बोटाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घेर काढावा आणि त्यात दांडीच्या जाडीची ३.१४ पट मिळवावी. घेर ५३ मि.मी. आणि जाडी २ मि.मी. असेल, तर लांबी ५३ + ६.२८, म्हणजे जवळजवळ ५९ मि.मी. झाली. टोके एकमेकांवर चढवावयाची असल्यास त्या मानाने अधिक घ्यावी. पाठ्यपुस्तकातील परिघाचे सूत्र येथे बोटावर तपासले जाते. चुकीचे उत्तर बोटात शिरत नाही.

माप खुणावून दांडी कापावी. कापलेली कड कानशीने गोल करावी आणि मग २२०, ४००, ६०० अशा क्रमाने अधिकाधिक बारीक पॉलिश पेपरने घासावी. हे सारे वाकविण्यापूर्वी करावे. नंतर आतल्या कडेला कानस पोहोचत नाही. वाकविताना दोन्ही टोकांकडून सुरुवात करून शेवटी मध्यभाग गजावर बसवावा. मधूनच सुरुवात केली तर टोके सरळच राहतात आणि अंगठी गोल न होता बदामी होते.

मोठ्या डावाच्या लांब दांडीचे कडे करता येते. लहान चमच्याचा खोलगट भाग कापून, वर भोक पाडून त्याचे पदक होते. स्टीलला भोक पाडताना ड्रिल सावकाश चालवावे, दाब सतत ठेवावा आणि तेलाचे थेंब सोडावेत. ड्रिल नुसतेच घासत राहिले तर ती जागा कठीण होते आणि पुढे भोक पडतच नाही.

येथे त्वचेचा विचार आवश्यक आहे. निकेलमुळे काही व्यक्तींच्या कातडीला खाज व पुरळ येतो. त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंतून सुटणाऱ्या निकेलवर युरोपीय संघाने १९९४ मध्ये कायद्याने मर्यादा घातली. चांगल्या १८/८ स्टीलमधून निकेल अत्यल्प सुटते. मुलामा गेलेल्या जर्मन सिल्व्हरमधून ते अधिक सुटते. म्हणून अंगावरच्या दागिन्यासाठी स्टील बरे आणि जर्मन सिल्व्हर शोभेच्या वस्तूंसाठी बरे.

अवजारे आणि गृहोपयोगी वस्तू

अलंकारांहूनही शाळेला व घराला अधिक उपयोगी पडतील अशा वस्तू पुढे दिल्या आहेत. त्यांतील बऱ्याच वस्तूंना फारशी हत्यारेही लागत नाहीत.

रोपवाटिकेत मोठा चमचा हे उत्तम अवजार आहे. मानेशी थोडा वाकविलेला चमचा रोप मुळांसकट उचलतो. दात पसरलेला काटा कुंडीतील वरची माती भुसभुशीत करतो. पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चमच्याचा खोलगट भाग ऐरणीवर ठोकून सपाट केला आणि अक्षरांच्या पंचांनी त्यावर वनस्पतीचे नाव उठविले, की पावसात न पुसणारी पाटी तयार होते. स्टीलवर पंच नीट उठत नाही. तेथे भांड्यांच्या दुकानातील नाव घालण्याचे यंत्र वापरावे.

चित्रकलेच्या तासाला जुन्या चमच्याची गुळगुळीत पाठ कामी येते. लाकडावर किंवा लिनोलियमवर कोरलेल्या ठशाला शाई लावून त्यावर कागद पसरावा आणि मागून चमच्याच्या पाठीने गोल गोल घासावे. छापयंत्राशिवाय ठसा उमटतो. यासाठी चमच्यात काहीच बदल करावा लागत नाही.

काट्याचे मधले दोन दात पुढे व कडेचे दोन मागे वाकविले, की उघडे पुस्तक किंवा पत्रक उभे धरणारा आधार होतो. दोन भोके पाडून दांडी फळीवर स्क्रूने बसविली आणि उरलेला भाग वर वळविला, की खुंटी झाली. अशा दहा खुंट्यांची एक फळी वसतिगृहाच्या खोलीत पिशव्या व टॉवेल टांगावयास पुरते. दांडी कमानीसारखी वाकवून दोन्ही टोकांना भोके पाडली, की कपाटाच्या खणाची मूठ होते.

वाऱ्यावर किणकिणणारे झुंबर हा पदार्थविज्ञानाचाच पाठ आहे. सरळ व एकसारखी पट्टी ठोकली असता कंप पावते, पण तिच्यावरील दोन जागा स्थिर राहतात. प्रत्येक टोकापासून लांबीच्या सुमारे २२.४ टक्क्यांवर. २० सें.मी.च्या पट्टीत ही जागा टोकापासून साधारण साडेचार सें.मी.वर येते. तेथे दोरा बांधला तर नाद टिकतो. भलतीकडे बांधला तर तो दबतो. चमच्याचे वजन एका टोकाला अधिक असल्याने त्याची जागा थोडी सरकते. ती शोधण्यासाठी चमचा दोन बोटांच्या चिमटीत निरनिराळ्या ठिकाणी हलकेच धरून ठोकावा. जेथे आवाज सर्वांत जास्त वेळ रेंगाळतो, ती जागा खरी.

पाळावयाची दक्षता

१. कापताना, भोक पाडताना व घासताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. लहान तुकडा हातात धरून भोक पाडू नये. तो ड्रिलबरोबर फिरून बोट कापतो.

२. सुरीचे पाते वाकविण्याचा प्रयत्न करू नये. ते कडक केलेले असते आणि काचेसारखे तुटून उडू शकते. सुरीची मूठ पोकळ असल्यास तिला उष्णता देऊ नये.

३. मुलामा दिलेली किंवा न ओळखलेली वस्तू तापवू नये. पितळ फार तापल्यास जस्ताचा अपायकारक धूर निघतो. ते मऊ करण्याचे काम मोकळ्या हवेत व मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

४. डाख देण्याच्या सर्वसाधारण तारेत शिसे असते. अंगावरच्या व खाण्याच्या वस्तूंना असा डाख देऊ नये.

५. जो चमचा मातीत, रंगात किंवा शाईत गेला, तो पुन्हा जेवणात येऊ नये. त्याच्या दांडीला रंगाची खूण करावी.

आधी दुरुस्ती, मग रूपांतर, शेवटी मोड

वस्तूचा उपयोग टप्प्याटप्प्याने उतरवीत नेण्याचे एक सुंदर उदाहरण विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी स्थविर आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे भिक्षू काय करणार, असा राजाला संशय आला. आनंदांनी सांगितले, की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटली जातील. जुन्या चीवरांची पांघरुणे, पांघरुणांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, त्यांची झटकणी होतील आणि अखेरीस त्या चिंध्या कुटून चिखलात कालवून गिलावा केला जाईल. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

या कथेत क्रम महत्त्वाचा आहे. चांगले चीवर कोणी आधीच पायपुसणे केले नाही. चमच्यालाही हाच क्रम लावावा. नुसता वाकलेला चमचा प्रथम सरळ करून पाहावा. पितळेच्या डावाला कल्हई देऊन तो पुन्हा वापरात आणावा. जे दुरुस्तच होत नाही त्याचे रूपांतर करावे. ज्याचे रूपांतरही होत नाही, ते खुशाल मोडीत घालावे. स्टील पुन्हा पुन्हा वितळविता येते आणि मोड हा त्याचा अपमान नव्हे. जुन्या भांड्यावर कोणाचे नाव व तारीख घातलेली असेल, तर मात्र तेवढा भाग कापून जपावा. दात्याची ती एकमेव नोंद असू शकते.

लादलेले आणि निवडलेले

आता त्या दुखऱ्या इतिहासाकडे वळू. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात समाजाबाहेर ठेवलेल्या माणसांसाठी काही विधाने आहेत. त्यांनी फुटक्या भांड्यांत जेवावे, मृतांची वस्त्रे नेसावीत आणि लोखंडाचे अलंकार घालावेत, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे मोडके भांडे आणि हलक्या धातूचा दागिना ही एके काळी माणसाला ओळखून दूर ठेवण्याची खूण होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी स्त्रियांसमोर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गळाभर व कोपरापर्यंत घातले जाणारे कथलाचे आणि चांदीचे दागिने सोडून देण्यास सांगितले. कारण त्यांवरून अस्पृश्यता ओळखली जात होती.

हा इतिहास ज्यांच्या घरात सांगितला जातो, त्यांना जुन्या चमच्याच्या अंगठीचे कौतुक ऐकून क्षणभर अस्वस्थ वाटले तर ते स्वाभाविक आहे. आजी-आजोबांनी जे नाकारण्यासाठी संघर्ष केला, तेच नातवंडांनी हौसेने घालावयाचे काय, असा प्रश्न कोणीही विचारू शकेल. त्याचे उत्तर धातूत नाही. निवड कोणाची, यात आहे. तेव्हा भांडे फुटके होते ते दुसऱ्याच्या हुकुमाने, आणि अलंकार लोखंडाचा होता तो दुसरा घालण्याची मनाई होती म्हणून. येथे विद्यार्थी स्वतः धातू ओळखतो, परिघ मोजतो, कड घासतो आणि नको असल्यास ती अंगठी बाजूला ठेवतो. धातूकामाचे ज्ञान पिढ्यान् पिढ्या विशिष्ट जातींच्या हातांत होते आणि त्या हातांना मान मात्र नव्हता. ते ज्ञान गणित व विज्ञान यांच्या पंक्तीला आणून सर्वांना शिकविणे, हे त्या जुन्या विभागणीला दिलेले उत्तरच आहे.

या भेदातून संस्थांसाठी एक व्यावहारिक नियमही निघतो आणि तो वरील सर्व कृतींच्या आधी पाळला गेला पाहिजे. काटकसरीच्या किंवा पर्यावरणाच्या नावाखाली कोणत्याही मुलाच्या ताटाशी मोडका चमचा येता कामा नये. जितकी मुले पंक्तीला बसतात, तितके धड, स्वच्छ चमचे प्रथम कोठीत असावेत. पुनर्घडणीचा डबा त्यानंतरचा. तो डबा उघडताना प्रत्येक नगाला तीन प्रश्न विचारावेत : हा कशाचा आहे, हा सरळ होईल काय, आणि याच्या आकारात कोणती वस्तू आधीच लपलेली आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली, तरच तो नग तराजूत टाकावा.